गणितज्ञांसाठीं क्वांटम-सिद्धान्त

पदार्थविज्ञान न शिकलेल्या गणितज्ञाच्या हातीं क्वांटम-सिद्धान्तावरील कोणतें पुस्तक द्यावें, हा प्रश्न आम्हांला वारंवार पडतो. डिरॅक यांचा १९३० सालचा ग्रंथ द्यावा, तर मूळबिंदूखेरीज सर्वत्र शून्य असून ज्याखालचें क्षेत्रफळ मात्र एक भरतें, अशा फंक्शनाची गांठ पडतांच तो बिचकतो. फॉन नॉयमन यांनीं १९३२ सालीं ह्याच दोषावर बोट ठेवून निर्दोष मांडणी केली. पण ती, आमच्या मतें, नवख्यासाठीं नव्हे.

ब्रायन हॉल यांचें 'क्वांटम थिअरी फॉर मॅथेमॅटिशियन्स' (स्प्रिंगर, २०१३) ह्या दोहोंमधील वाट शोधतें. स्थिति व संवेग ह्यांच्या ऑपरेटरांचा गुणाकार क्रम बदलून केला, तर दोन उत्तरांतील फरक एका शून्येतर स्थिरांकाच्या पटीचा येतो, हें ह्या शास्त्राचें मूळ सूत्र. आतां सान्त मॅट्रिक्स घेऊन पाहा: ह्या फरकाच्या कर्णावरील संख्यांची बेरीज नेहमींच शून्य, स्थिरांकाच्या बाजूची कधींच नाहीं! अनंत मितींतहि दोन्ही ऑपरेटर मर्यादित असूं शकत नाहींत, हें विंटनर यांनीं १९४७ सालीं दाखविलें. म्हणूनच ऑपरेटर नेमका कोणत्या फंक्शनांवर चालतो, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. सान्त रेषाखंडावर संवेगाचा ऑपरेटर लिहितांना दोन टोकांच्या मूल्यांत कोणता संबंध धरावा? तो बदलला, कीं मोजमापाचीं संभाव्य उत्तरेंहि बदलतात. येथें हॉल जी सावधगिरी बाळगतात, ती पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

आमची तक्रार निराळी आहे. गणिताचे आमचे एक स्नेही तिसऱ्या प्रकरणाशीं अडले आणि म्हणाले, "तरंग-फंक्शनाच्या निरपेक्ष मूल्याचा वर्ग म्हणजे संभाव्यता, हें सिद्ध कोठें केलें आहे?" तें कोठेंच सिद्ध होत नाहीं. बॉर्न यांनीं १९२६ सालीं तो अर्थ लावला, आणि प्रयोगांनीं तो उचलून धरला. गणितज्ञाची खरी अडचण ही आहे. स्पेक्ट्रल प्रमेय नव्हे. हॉल यांनीं प्रयोगांना पहिलें प्रकरण दिलें आहे खरें, पण तें फार घाईनें संपतें.

आमच्या स्नेह्यांनीं पुस्तक मिटलें नाहीं. पहिलीं पांच प्रकरणें त्यांनीं पुन्हां वाचावयास घेतलीं असून सहावें आम्ही दोघे मिळून वाचणार आहोंत.