खलनायकाची कैफियत आणि द्रौपदीची जागा

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं, तेव्हा कीचकाचं बालपण कसं गेलं असेल हा प्रश्न कुणाला पडला नाही. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हा देश, सबुरी सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि दातओठ खाणारा भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. निव्वळ दुष्ट खलनायक म्हणजे लेखकाला माणूस न कळल्याची खूण, असं हल्ली सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही, ते या नाटकामुळे. कीचकाला दुखरं मन दिलं असतं तर भीमाचा हात अडखळला असता, आणि खाडिलकरांना तो अडखळू द्यायचा नव्हता.

दुसऱ्या तऱ्हेचा खलनायकही आपल्याकडे जुनाच आहे. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधला घनश्याम लतिकेने केलेला अपमान गिळू शकत नाही आणि त्या जखमेतूनच त्याचं कारस्थान उभं राहतं. चिंतामणराव कोल्हटकरांनी गाजवलेली ही भूमिका. दुष्टाव्यालाही कारण असतं ही कल्पना आपल्याकडे वेब सिरीजमधून आली, असं ज्यांना वाटतं त्यांनी घनश्याम पुन्हा वाचावा.

तेव्हा खलनायक काळाकुट्ट असावा की करडा, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. खलनायकाची कैफियत सुरू झाली की ज्याचं वाटोळं झालं तो माणूस हळूहळू गोष्टीतून बाहेर ढकलला जातो. गेल्या काही वर्षांत हे फार वाढलं आहे, पण त्याची सुरुवात बरीच आधीची आहे.

१९६७ हे वर्ष घ्या. त्या एका वर्षात शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही. दोन्हींत कर्ण आहे. इरावतीबाईंना त्याचं दुःख कळतं. आपण कोण, या प्रश्नाने आयुष्यभर पोळलेला माणूस त्या फार जवळून पाहतात. तरीही द्यूतसभेत त्याने द्रौपदीबद्दल काढलेले उद्गार त्या त्याला माफ करत नाहीत. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण बोलतो, कुंती बोलते, वृषाली, शोण, कृष्ण बोलतात, दुर्योधनालाही स्वतःची बाजू मांडायला मिळते. द्रौपदीला मात्र निवेदन नाही. मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या वाचली गेलेली ही कादंबरी. तिचं भाषावैभव आणि तिने लावलेली वाचनाची गोडी मी कमी लेखत नाही. पण भर सभेत जिची विटंबना झाली तिला सोडून इतक्या जणांना आवाज मिळाला, ही गोष्ट छोटी नाही. त्यानंतर आपल्या लोकप्रिय कादंबरीने ‘युगान्त’ची वाट धरली नाही, ‘मृत्युंजय’ची धरली.

रंगभूमीवर आणि पडद्यावर त्या सुमारास वेगळं काही घडत होतं. तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर (१९७२) नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणून ठेवतो, मारझोड करतो, आपण ढोंगी नाही याची फुशारकी मारतो आणि मृदंगही वाजवतो. त्याच्याबद्दल बरंच लिहून झालं आहे. मला त्या नाटकात जास्त भीती वाटते ती लक्ष्मीची. देवभोळी, सोशीक बाई. घरात आलेल्या मुंगळ्याशी ती जीव लावून बोलते, त्याला खाऊ घालते. तो प्रसंग इतका मायेचा आहे की प्रेक्षक तिच्या बाजूला जाऊन बसतो. पुढे हीच लक्ष्मी चंपाची चहाडी करते, आणि सखारामच्या हातून चंपा मेल्यावर प्रेत पुरायला तीच पुढे होते. मुंगळ्यावरची माया खोटी नव्हती, हेच अवघड आहे. तेंडुलकर लक्ष्मीला पूर्ण समजून घेतात, पण तोवर चंपा तिच्या शिव्यांसकट, दारूसकट, किळशीसकट रंगमंचावर सणसणीत जिवंत असते. तिला विसरायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

सखाराम उभा करणारे निळू फुले तीन वर्षांनी ‘सामना’त हिंदुराव धोंडे पाटील झाले. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, लेखन पुन्हा तेंडुलकरांचं. साखर कारखान्याचा हा धनी आवाज क्वचितच चढवतो. रस्त्यावर सापडलेल्या दारुड्या मास्तरला घरी नेतो, पाजतो, त्याच्या सोबतीत रमतो. हिंदुराव आवडावा असाच रंगवला आहे. पण डॉ. लागूंचा मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेचं नाव पुन्हा पुन्हा काढत राहतो आणि पाटलाच्या प्रत्येक सौजन्याला त्या नावाचा हिशेब द्यावा लागतो.

आता ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वातले (२०१९) अण्णा नाईक आठवा. माधव अभ्यंकरांनी काम उत्तम केलं, यात वाद नाही. हा स्त्रीलंपट, खुनशी जमीनदार घरोघरी लाडका झाला, त्याच्या लकबींच्या नकला झाल्या. त्याच्या बायकोचा, माईचा सोसणारा चेहरा रोज समोर होता, पण गप्पा रंगायच्या त्या अण्णा आणि त्याची रखेल शेवंता यांच्या. अण्णाने ज्यांना संपवलं त्यांची नावं आज किती जणांना सांगता येतील?

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) मला माझ्या या तक्रारीचं सर्वांत चांगलं उत्तर सापडतं. गीतांजली कुलकर्णींनी केलेली सरकारी वकील एका लोकशाहिराला तुरुंगात डांबू पाहते: त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. कोर्टात ती जुनी कलमं एका सुरात वाचते. मग लोकल पकडते, मैत्रिणीशी घरगुती गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. आपल्या ओळखीची, थकलेली, कष्टाळू बाई. खलनायिका म्हणावं असं तिच्यात काहीच नाही. पण ताम्हाणे कामगाराच्या बायकोला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करतो आणि तिथे वेळ देतो. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकून झुरळं बाहेर येतात का बघायचा, वास सहन व्हावा म्हणून प्यायचा, एक डोळा त्या कामातच गेला होता. ती रडत नाही, कुणाला दोष देत नाही. त्या साक्षीनंतर वकीलबाईंच्या स्वयंपाकघराचा अर्थ पालटतो. त्यांच्याबद्दलची आपुलकी तशीच राहते आणि त्या काय करताहेत हेही लख्ख दिसतं.

‘सैराट’मधल्या (२०१६) आर्चीच्या जिवावर उठलेल्या तिच्या भावाला, प्रिन्सला नागराज मंजुळेंनी सफाईचं एक वाक्यही दिलेलं नाही. शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या मुस्काटात मारणारा हा मुलगा कोणत्या घरात, कुणाच्या कौतुकात वाढला ते आपण पाहिलेलं असतं, तेवढं पुरतं. कुणी उद्या प्रिन्सच्या बाजूने कादंबरी लिहायला घेतली तर मी ती आवर्जून वाचेन. भाषा न कळणाऱ्या हैदराबादेत नोकरी करून आर्चीने उभा केलेला संसार तिच्यात किती पानं व्यापतो, हे मात्र मी सगळ्यात आधी बघेन.