रविवारचे बत्तीस किलोमीटर : मॅरेथॉनच्या एका तक्त्याचं वाचन

या मालेत एरवी पुस्तकांवर आणि नाटकांवर बोललं जातं. आज आम्ही वाचायला घेतलंय ते फक्त एका पानाचं आहे. ते पान बऱ्याच घरांत फ्रीजच्या दारावर चिकटवलेलं असतं. मॅरेथॉनच्या सरावाचा तक्ता. अठरा ओळी, सात रकाने आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. कुणी म्हणेल, याची कसली समीक्षा? पण हे पान हजारो लोक शब्दशः पाळतात. जे लिहिलेलं माणसाला पहाटे साडेचारला अंथरुणातून उठवतं आणि कधी कधी प्लास्टरमध्ये नेऊन ठेवतं, ते समीक्षेच्या बाहेर कसं ठेवणार?

आधी आम्ही कोण, ते सांगतो. पुण्यात दर रविवारी विद्यापीठाच्या फाटकापाशी जमणारे आम्ही पंधरा-वीस जण. बँकेतले, शिक्षक, एक नर्स, दोन निवृत्त काका. कुणीच वेगवान नाही. आमच्यातल्या बहुतेकांचं ध्येय एकच, जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन. २००४ साली ती सुरू झाली आणि महाराष्ट्रात साध्या नोकरदार माणसाला ४२.१९५ किलोमीटरचं स्वप्न पडू लागलं, असं म्हटलं तर चुकणार नाही.

तर आम्ही पाळलेला तक्ता होता अमेरिकन लेखक आणि धावपटू हॅल हिग्डन यांचा, अगदी नवख्यांसाठीचा. हिग्डन हे ऐरेगैरे नव्हेत. १९६४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ते पाचवे आले होते. त्यांच्या तक्त्यातला आठवड्याच्या शेवटच्या लांब धावेचा रकाना, ज्याला आपण सगळे ‘लाँग रन’ म्हणतो, तो मैलांत वाचून दाखवतो : ६, ७, ५, ९, १०, ७, १२, मग एक अर्धमॅरेथॉन, १०, १५, १६, १२, १८, १४, २०, १२, ८ आणि शर्यत.

आता हे आकडे नीट ऐका. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. दर तिसऱ्या आठवड्याला अंतर कमी होतं. हे या तक्त्याचं सगळ्यात मोठं शहाणपण आहे. नवखा माणूस चढता आलेख बघून खूश होतो, पण शरीर काही एका सरळ रेषेत घडत नाही. धावायला लागल्यावर दम काही आठवड्यांत सुधारतो. हाडं आणि स्नायूबंध मात्र महिनोन्महिने घेतात. दम आधी येतो, हाड मागून येतं. मधल्या काळात माणसाला वाटतं की आपण तयार आहोत, आणि तिथेच घात होतो. ही उतरती पायरी हाडाला वेळ देते. याचं श्रेय तक्त्याला द्यायलाच हवं.

पण एक आकडा बघा. २०. सगळ्या सरावाचा कळस २० मैलांचा. का? १९ का नाही, २२ का नाही? त्यामागे थोडं शास्त्र आहे. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साधारण दोन हजार कॅलरींची शिदोरी असते. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे एक कॅलरी लागते असं ढोबळ धरलं, तर ६५ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी २,७०० हून अधिक लागतात. थोडीफार भर चरबी घालते, तरी तिशीच्या आसपास शिदोरी संपत येते. तेव्हा त्या उंबरठ्यापर्यंत जाऊन यावं, शरीराला चरबी वापरायची सवय लागावी, हे पटतं. पण नेमकं २० हे मैलांत मोजणाऱ्यांना गोल वाटतं म्हणून आहे. आपण त्याचे ३२ केले आणि आता आमच्या गटात ३१ वर थांबणाऱ्याला अपराधी वाटतं! एकक बदललं, श्रद्धा तशीच राहिली.

आता जरा मागे जाऊ, कारण रविवारच्या लांब धावेला इतिहास आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आर्थर लिडियार्ड नावाचे प्रशिक्षक होते. हे गृहस्थ बुटांच्या कारखान्यात काम करायचे. त्यांच्या हाताखालची मुलं रविवारी ऑकलंडजवळच्या वायतारुआच्या डोंगराळ वाटेवर २२ मैल धावायची. त्यात पीटर स्नेल होता, आणि स्नेलची शर्यत किती मोठी? ८०० मीटर! १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलला ८०० मीटरमध्ये सुवर्ण मिळालं, त्याच दिवशी मरी हालबर्गला ५,००० मीटरमध्ये सुवर्ण मिळालं, आणि बॅरी मॅगीला मॅरेथॉनमध्ये कांस्य. सगळे लिडियार्ड यांच्याच तालमीतले. जगाने विचारलं, यांचं गुपित काय? आणि लोकांच्या डोक्यात उत्तर पक्कं बसलं : रविवारची लांब धाव.

इथे आमचा पहिला आक्षेप आहे. लिडियार्ड यांची मुलं आठवड्याला शंभर मैल धावत होती. त्यातले २२ रविवारचे. म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. आता आपल्या तक्त्याचा पंधरावा आठवडा उघडा. मंगळवार ५, बुधवार १०, गुरुवार ५ आणि शेवटी २०. एकूण ४० मैल. म्हणजे निम्मं अंतर एकाच सकाळी! आपण लिडियार्डकडून रविवार घेतला आणि सोमवार ते शनिवार तिथेच ठेवून आलो. घराला वरचा मजला बांधायला घेतला, पण तळमजल्याच्या भिंती अर्ध्याच.

हे फक्त आमचंच म्हणणं नाही. जॅक डॅनियल्स हे प्रशिक्षकांमधलं मोठं नाव. ते सांगतात, लांब धाव आठवड्याच्या एकूण अंतराच्या पाव हिश्श्याच्या आसपास असावी, आणि अडीच तासांच्या वर जाऊ नये. हॅन्सन्स पद्धत म्हणून दुसरी एक अमेरिकन शाळा आहे. ती साधारण १६ मैलांवर, म्हणजे २६ किलोमीटरवरच थांबते आणि आठवड्याचे बाकीचे दिवस भरगच्च ठेवते. तिचं तर्कशास्त्र असं की रविवारी ताज्या पायांनी पहिले २६ धावायचे नाहीत, थकलेल्या पायांनी शेवटचे २६ धावायचे. सगळी नावाजलेली माणसं, आणि ‘किती लांब’ या साध्या प्रश्नावर एकमत नाही. म्हणजे तक्ता हा एक मतप्रवाह आहे. आपण तो पंचांगासारखा वाचतो, ही वाचकाची चूक.

दुसरा आक्षेप आमच्यासाठी जास्त जिव्हाळ्याचा. तक्ता अंतर सांगतो, वेळ सांगत नाही. तीन तासांत मॅरेथॉन संपवणारा माणूस सरावात सव्वापाच मिनिटांना एक किलोमीटर गेला, तर त्याचे ३२ पावणेतीन तासांत होतात. आमच्यातला साडेपाच तासांवाला साडेआठ मिनिटांनी जातो. त्याच ३२ ला त्याला साडेचार तास लागतात. चौकोनात आकडा एकच, पण पायांवर पडणारा भार? एक जण नाश्त्याला घरी पोहोचतो. दुसरा डिसेंबरच्या उन्हात चिक्कीचा शेवटचा तुकडा चघळत पाषाण रस्त्याने चालत असतो. सगळ्यात हळू माणसाला सगळ्यात मोठी शिक्षा, आणि तक्त्यावर नाव मात्र ‘नवख्यांसाठी’!

पण मग डॅनियल्स यांचे अडीच तास घ्यावेत, तर त्यात आमचा हा माणूस जेमतेम साडेसतरा किलोमीटर जातो. शरीराला कदाचित ते पुरेल. मनाचं काय? साडेसतरा केलेल्या माणसाने बेचाळीसच्या रांगेत कुठल्या भरवशावर उभं राहायचं? तर तोही नियम वेगवान माणसाला समोर ठेवूनच केलेला दिसतो. हळू धावणाऱ्याचा विचार दोन्हीकडे अपुरा आहे. आमच्या गटाने यातून काढलेली वाट अशी की रविवार साडेतीन तासांवर थांबवायचा आणि शनिवारी सकाळी दहा-बारा किलोमीटर अगदी सावकाश करायचे. रविवारी पाय आधीच थोडे जड असतात, त्यामुळे लांब अंतराचा अनुभव येतो आणि एका दमात सगळा मार बसत नाही. हे शास्त्र म्हणून सांगत नाही, आमच्या वहीतला अनुभव म्हणून सांगतो.

आता ज्या गोष्टीमुळे हे व्याख्यान उभं राहिलं ती सांगायला हवी. आमच्यातल्या एका ताईंनी मागच्या खेपेला हाच तक्ता घेतला. मुंबईची शर्यत जानेवारीत, म्हणजे अठरा आठवडे मागे मोजले की सुरुवात सप्टेंबरात होते. मग नवरात्राचे उपास, दिवाळी, पाहुणे आणि नंतर लग्नं, हे सगळं तक्त्याच्या पोटातच येतं. लेखकाला ते माहीत असण्याचं कारण नाही, पण वाचणाऱ्याला तर आहे. ताईंनी सहाव्या आठवड्याचे ७ मैल, म्हणजे ११ किलोमीटर केले. मग ताप आला, पाठोपाठ घरात माणसं आली. तीन रविवार गेले. दहाव्या आठवड्यात त्या परत आल्या आणि तक्त्यात लिहिलं होतं १५ मैल, २४ किलोमीटर.

त्यांनी विचारलं, “जमेल ना?” आणि आम्ही म्हणालो, “दम तर आहे तुमच्यात. तक्ता चुकवू नका.” चोवीस झाले. टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. पुढच्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. त्या बोलल्या नाहीत, आम्ही विचारलं नाही. अजून एक रविवार धावून झाल्यावर कळलं की नडगीच्या हाडाला बारीक चीर आहे. जानेवारीत आम्ही मुंबईला गेलो, त्या घरी बसल्या.

तक्त्याच्या हिशोबात त्या २१ वरून २४ वर गेल्या होत्या. पायांच्या हिशोबात ११ वरून २४ वर. दुपटीहून जास्त. हा फरक आम्हाला तेव्हा दिसला नाही.

आता ‘दहा टक्क्यांचा नियम’ सगळ्यांनी ऐकलेला असतो. आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका. नेदरलँड्समध्ये नवख्या धावपटूंवर याची चाचणी झाली. एका गटाने दहा टक्क्यांनी हळूहळू वाढवलं, दुसऱ्याने नेहमीच्या, जरा घाईच्या पद्धतीने. दोन्हीकडे दुखापती सारख्याच, पाचात साधारण एकाला. म्हणजे नियम वाटतो तेवढा रामबाण नाही. मग २०२५ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी तपासल्या. आठवड्याच्या बेरजेतल्या वाढीपेक्षा एका धावेतली उडी जास्त महत्त्वाची दिसली. मागच्या तीस दिवसांत केलेल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून मोठी उडी घेतली की दुखापतींचं प्रमाण वाढलेलं, आणि दुपटीच्या पुढे गेलं की सगळ्यात जास्त.

या अभ्यासालाही जपून वाचायला हवं. हे नोंदींचं निरीक्षण आहे. अमुक उडी घेतली म्हणून तमुक हाड मोडलं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय तो काटेकोर लावला तर आपला तक्ताच नापास होतो. १० वरून १२ मैल ही वीस टक्के उडी, १६ वरून १८ ही साडेबारा. तरी लाखो लोक हा तक्ता पाळून सुखरूप पोहोचलेत. म्हणून दहा हा आकडा भिंतीसारखा धरू नका. पण प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र यातून बदलते. ‘या रविवारी तक्त्यात काय लिहिलंय?’ याऐवजी ‘गेल्या महिन्याभरात मी खरोखर सगळ्यात लांब किती धावलो?’ तक्ता भविष्याकडे बघतो. शरीराला फक्त मागचं माहीत असतं.

आणि मागचं जर कोरं असेल, तर परत येताना तक्त्याची ओळ शोधायची नाही. ताईंनी त्या दिवशी १२ करायला हवे होते, मग १४, मग १६. पूर्ण मॅरेथॉन हुकली असती, अर्धी झाली असती. तेव्हा हे सांगायला आमच्यात कुणीतरी हवं होतं. तक्त्याला तोंड नसतं, आम्हाला होतं.

जाता जाता तिसरा, छोटा आक्षेप. पुण्यात डिसेंबरात पहाटे कानटोपी घालून ३२ केले की वाटतं, झालं. मुंबईत जानेवारीतही हवा दमट असते, आणि हळू धावणारा शेवटच्या टप्प्यात पेडर रोडच्या चढाला लागतो तेव्हा ऊन चांगलंच वर आलेलं असतं. तक्त्यात हवामानाचा रकाना नाही. तो आपण आखायचा. निदान दोन लाँग रन मुद्दाम उशिरा सुरू करावेत, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किती लागतं ते तिथेच कळतं. आणि नवरात्रात कडक उपास असेल तर त्या रविवारी अंतर कमी करावं, त्यात कमीपणा नाही.

मग तक्ता फाडून टाकायचा का? नाही. एकट्या माणसाला तो आधार देतो, दिशा देतो आणि उतरत्या पायऱ्यांचं शहाणपण फुकट देतो. आमचं भांडण लिहिणाऱ्याशी कमी आहे, आमच्याच वाचण्याशी जास्त आहे.

ताई या सप्टेंबरापासून परत येऊ लागल्यात. फ्रीजवर तक्ता आहेच, पण शेजारी दोऱ्याने बांधलेली एक वही लटकते. त्यात झालेलं लिहायचं, ठरवलेलं नाही. मागच्या रविवारी गटातले बाकीचे १९ ला निघाले. त्यांनी वही बघितली, १४ वर थांबल्या आणि फाटकापाशी आमची वाट बघत चहा पीत बसल्या होत्या. या वेळी कुणी त्यांना “अजून थोडं” म्हणालं नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. फक्त ‘बूट कुठला घ्यावा’ हा प्रश्न शेवटी ठेवा, त्यावर आमच्या गटातच एकमत नाही.