फ्लेक्सवरचा पैलवान कुठेय?

चिकलठाण्यात जालना रोडला जत्रेतल्या कुस्त्यांचा फ्लेक्स लागला होता. ट्रॅफिकमध्ये अडकलो म्हणून नीट पाहिला. वर नेत्यांचे भलेमोठे चेहरे, खाली हात जोडलेले 'सौजन्य'वाले, मग इनामांचे आकडे. आणि पैलवान? तळाशी, टिकलीएवढ्या गोलात, खांद्याखाली कापलेले. अ‍ॅपने इतके गोरे-गुळगुळीत केलेले की मोडलेले कानही गायब. वर्षानुवर्षं मातीत डोकं घासून कमावलेली खूण डिझायनरने एका बोटाने पुसली.

त्याच आठवड्यात मी मोबाईलवर सुमो मल्लांची जुनी जपानी चित्रं झूम करकरून बघत होतो. लाकडी ठशांनी छापलेली. कात्सुकावा शुन्एईने चितारलेला रायदेन तामेएमोन बघा. १७९० ते १८११ या कारकिर्दीत २५४ लढती जिंकलेला आणि फक्त १० हरलेला गडी. अशा चित्रांचा कागद ए-फोरपेक्षा जरासा मोठा, पण मल्ल तो अख्खा भरून टाकतो. पोटाची वळी, जाड मान, बारीक डोळे, सगळं मोजक्या रेषांत. शेजारी त्याचं नाव.

रायदेनलाही आश्रयदाता होताच. मात्सुएचा सरदार त्याला पोसायचा. पण अशा चित्रांत सरदार दिसतो कुठे? फार तर मल्लाच्या कमरेच्या भरजरी वस्त्रावर, घराण्याचं चिन्ह म्हणून. चेहरा मल्लाचाच.

कुणी म्हणेल, फ्लेक्स ही जाहिरात आहे, तिला कलेचे निकष कशाला? पण ती चित्रंही धंद्यासाठीच छापली जायची. फरक गिऱ्हाइकाचा आहे. तिथे पैसे मोजणारा मल्लाचा चाहता होता, म्हणून त्याला मल्ल मिळाला. इथे छपाईचं बिल सौजन्यवाला भरतो. त्याला स्वतःचा चेहरा मिळतो. (प्रेक्षक तसाही येतोच, हे त्याला पक्कं माहीत असतं.)

आपल्याकडे पैलवानाचं चित्रच नव्हतं असं नाही. जुन्या तालमींत भिंतीवर फ्रेम असतात. लंगोटातला पैलवान, हातात गदा, नजर थेट कॅमेऱ्यात, डोक्यापासून तळपायापर्यंत पूर्ण. १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव त्यांत हमखास सापडतात. फोटोग्राफरने काही सजवलेलं नसतं. काचेवर धूळ, खालचं नाव पुसट झालेलं. पण जवळ जाऊन बघितलं तर मोडलेला कान अजून स्पष्ट दिसतो.