कोठार की आवर्तन? : सागरातील कर्बाविषयीच्या एका शब्दाची परीक्षा

‘सागर हे कर्बाचे कोठार आहे’ हे वाक्य आपल्या व्याख्यानांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. शास्त्रीय लेखनात रूपकास मज्जाव असावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जे रूपक विचारास साहाय्य करण्याऐवजी विचाराचीच जागा घेते, त्याची परीक्षा करणे हे टीकेचे कर्तव्य होय.

या शब्दाच्या बाजूने जे म्हणता येईल, ते आधी म्हणू. सागरजलात सुमारे ३८,००० अब्ज टन कर्ब विरघळलेला आहे. वातावरणातील कर्बाच्या चाळीसपटींहूनही तो अधिक भरतो. मनुष्य दरवर्षी हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याचा सुमारे चतुर्थांश सागर शोषून घेतो. एवढ्या राशीस कोठार म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि कोठारातील धान्य ठेवले तेथे आणि ठेवले त्याच रूपात राहते. सागरातील कर्बास यांपैकी एकही गोष्ट लागू पडत नाही.

प्रथम रूपाचा विचार करू. पाण्यात शिरताच या वायूचे रूप पालटते. सागरातील विरघळलेल्या असेंद्रिय कर्बाचा सुमारे नऊदशांश भाग बायकार्बोनेट असतो, उरलेला बहुतेक कार्बोनेट, आणि मूळ वायूच्या रूपात जेमतेम एक शतांश. या रूपांतरात पाण्यातील कार्बोनेट खर्ची पडते आणि त्या मानाने पाण्याची ग्रहणशक्ती घटते. रॉजर रेव्हेल व हान्स सूस यांनी १९५७ साली या प्रतिरोधाकडे लक्ष वेधले. स्थूलमानाने, हवेतील वायू दहा टक्क्यांनी वाढला तर पृष्ठजलातील एकूण कर्ब एकाच टक्क्याने वाढतो. प्रत्येक पोत्यागणिक ज्याचे दार अरुंद होत जाते, असे कोठार कोणी पाहिले आहे काय?

दुसरा मुद्दा गतीचा. उत्तर अटलांटिकमध्ये आणि अंटार्क्टिकाभोवती थंड व जड झालेले पाणी खोल उतरते आणि आपल्याबरोबर कर्ब नेते. वरून गळणारे सूक्ष्मजीवांचे अवशेष खोलवर कुजून त्यात भर घालतात. हे पाणी पुन्हा पृष्ठभागी येण्यास शेकडो वर्षे, क्वचित सहस्रावधी वर्षेही लागतात. पण ते येते. आपल्या अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांवरील पृष्ठजल दूर लोटतात आणि खालचे कर्बयुक्त पाणी वर चढते. मध्य व पूर्व अरबी समुद्र वातावरणाकडून कर्बवायू घेत नसून वर्षभर त्यास देतच असतो, असा निष्कर्ष गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९८ साली मांडला. ज्यास आपण कोठार म्हणतो, त्याचा आपल्या दाराशी असलेला भाग असा देणारा निघतो.

घोड धरणाच्या कालव्याखाली वाढलेल्या शिरूरच्या विद्यार्थ्यास येथे योग्य शब्द शोधावा लागणार नाही. धरणात पाणी किती, एवढे कळून शेतकऱ्याचे समाधान होत नाही. आवर्तन केव्हा सुटणार, कोणत्या चारीस मिळणार आणि पुढचे किती दिवसांनी, हे तो विचारतो. सागरातील कर्बाविषयीही हेच प्रश्न विचारावयास हवेत.

याच भूमीत आणखी एक धडा आहे. शिरूर व दौंड ही दक्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेली, आणि तो पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू घेऊन त्यास झिजविते. कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट पाण्यात उतरतात आणि घोड, भीमा व कृष्णा या मार्गाने बंगालच्या उपसागराची वाट धरतात. हा कर्ब खडकातील क्षारद्रव्यांच्या सोबतीने येतो. म्हणून पाणी वर आले तरी तो सहसा उडून जात नाही, आणि त्याचा सागरवास सहस्रकांच्याही पलीकडे मोजावा लागतो. हवेतून एकटाच शिरलेला कर्ब तसा नव्हे. ‘कोठार’ हा शब्द या दोहोंस एकाच मापाने मोजतो, हा त्याचा मोठा दोष होय.

शिवाय खडकातून सुटलेले सर्वच समुद्रास मिळते असेही नाही. कमी पावसाच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात. असा चुना साकळताना बायकार्बोनेटातील निम्मा कर्ब पुन्हा वायुरूप होतो. नर्मदा, तापी व वैनगंगा यांच्या पाण्यावरून २००१ साली दक्खनच्या झिजेचे अनुमान प्रसिद्ध झाले. अनिर्बन दास, एस. कृष्णस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली कृष्णेच्या खोऱ्यावरून काढलेले दर त्याहून कमी आले. एकाच पाषाणाचा हिशेब नदीगणिक बदलतो, ही गोष्ट नम्रता शिकविणारी आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पाषाणाची भुकटी शेतात पसरून ‘साठविलेल्या’ कर्बाची प्रमाणपत्रे विकण्याचा व्यवहार आज जगात सुरू झाला आहे. कोठाराचे रूपक मान्य केले, तर भुकटी पसरली त्याच दिवशी कर्ब जमा धरला जाईल. मग तो वाटेत चुनखडी होऊन अर्धा परतो, वा न परतो. चुकीच्या जमाखर्चाची भरपाई पुढील पिढ्यांस करावी लागेल.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस एवढीच सूचना आहे : ‘साठा’ हा शब्द लिहिताना त्याच वाक्यात तो कोणत्या रूपात, कोणत्या मार्गाने आणि किती मुदतीचा, हे लिहावे. जेथे हे लिहिता येत नसेल, तेथे तो शब्दही लिहू नये.