सार्कोमिअरची आकृती बरोबर आहे, पण अर्धीच

अकरावीत सार्कोमिअरची आकृती तुम्हीही काढली असेल. दोन बाजूंना झेड-रेषा, त्यांना चिकटलेले अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू, मधोमध मायोसिनचे जाड तंतू. स्नायू आखडला की बारीक तंतू आत सरकतात. झालं, मार्क पक्के! पीएचडीसाठी स्नायूंवर वाचायला लागल्यापासून मात्र माझं या आकृतीशी भांडण आहे.

आधी तिची बाजू. 1954 साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. (दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं.) स्नायू आखडताना गडद पट्टा तेवढाच राहतो, फिकट पट्टा अरुंद होतो. म्हणजे तंतू आक्रसत नाहीत, सरकतात. हे आजही खरं आहे.

माझी पहिली तक्रार 'आकुंचन' या शब्दाबद्दल. भरलेली बादली दंड-कोपर न हलवता उचलून धरा. स्नायू जोर लावतोय, पण आखूड होत नाही. जिना उतरताना तर मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत लावतच लांब होतो. आकृतीतले बाण मात्र फक्त आतल्या दिशेला!

दुसरी तक्रार एटीपीची. 'एटीपी आला की मायोसिन ओढतो' असं आपण लिहून येतो. प्रत्यक्षात नवा एटीपी चिकटला की मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनला सोडतं. मग एटीपीचं विघटन होऊन ते पुढच्या ओढीसाठी सज्ज होतं. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते यामुळेच: एटीपी संपतो आणि पकड सुटत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. आकृतीत तिसरा तंतूच नाही. टायटिन हे आपल्या शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन झेड-रेषेपासून सार्कोमिअरच्या मध्यापर्यंत पसरलेलं असतं आणि स्प्रिंगसारखं काम करतं. ते 1970च्या दशकात सापडलं, त्यामुळे 1954च्या लोकांना दोष नाही. आज छापलेल्या पुस्तकाला आहे.

कारण कोडं जुनंच होतं. जोर लावणारा स्नायू ताणला, तर ताणून झाल्यावरही तो त्या लांबीला अपेक्षेपेक्षा जास्त बल देतो, हे अ‍ॅबट आणि ओबेर यांनी 1952 मध्येच मांडलं होतं. त्याच वर्षी अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने अडवायचं. बल सारखंच, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. नुसत्या दोन तंतूंच्या सरकण्यातून हे नीट उलगडत नाही. यात टायटिनचा वाटा नेमका किती, यावर अजून वाद चालू आहे.

सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. असं का, हे एखाद्या मुलीने वर्गात विचारलं तर ही आकृती गप्प बसते. आणि उत्तर नसलं की आपण प्रश्नच 'सिलॅबसबाहेर' ढकलतो.

तुम्ही शिकवत असाल तर एवढंच करा: फळ्यावर एक स्प्रिंग काढा आणि एक बाण बाहेरच्या दिशेला.