निवास, न्याहारी आणि पोपटी

नाटकाला समीक्षक असतात, पुस्तकाला असतात, दिवाळी अंकांना तर लेखकांपेक्षा जास्त असतात. मग ग्रामीण मुक्कामानेच कुणाचं काय घोडं मारलंय? महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ 1975 साली निघालं, त्याची 'निवास व न्याहारी' योजना आली, 2020 साली सरकारने कृषी पर्यटनाचं धोरणही मंजूर केलं. पण चुलीवरच्या भाकरीचं परीक्षण कुणी मनावर घेतलेलं नाही. तेव्हा वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही हे काम मी अंगावर घेतो. जाहिरातीत जमा काय आणि ताटात नावे काय, एवढंच तर पाहायचं.

परीक्षणाला माणगाव तालुका घेतला. रायगड, दिवेआगर, हरिहरेश्वर, ताम्हिणी घाट, कुठेही हिंडायचं तरी मुक्कामाला सोयीचा. जाहिरातीत मात्र 'दुर्गम' असं छापलेलं. वास्तविक माणगावला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. रोहा-वीर टप्पा 1993 सालीच सुरू झाला. पण 2011 साली मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण हाती घेतलं आणि मोटारीने येणाऱ्याला कुठलंही गाव आपोआप दुर्गम झालं. तेव्हा इथे यजमानांना पूर्ण गुण.

आता नेपथ्य. पहिल्या मुक्कामी कंदील होता, त्यात विजेचा दिवा. फरशी शेणाच्या रंगाची. बैलगाडीचं चाक छताला टांगलेलं. बैल केव्हाच विकलेले. भिंतीवर वारली चित्रं. वारली मंडळी राहतात पालघरकडे. या तालुक्यातले कातकरी भिंतीवर नव्हते, मागल्या अंगणात लाकडं फोडत होते.

फळ्यावर लिहिलं होतं, 'पोपटी बारमाही'. पोपटी म्हणजे रायगडकरांची थंडीतली मेजवानी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं घालून भोवती जाळ करायचा. आम्हांला ती भर मे महिन्यात मिळाली. शेंगा फ्रीझरमधल्या, पाला कोबीचा, जाळ गॅसचा. अभिनय उत्तम, पण संहितेचा पत्ता नाही.

दुसऱ्या मुक्कामी पाटीवर नुसतं 'राहण्याची व जेवणाची सोय'. काकूंना पोपटीचं विचारलं.

"आता कुठची पोपटी, भाऊ? वाल थंडीतला. भात कापलं की त्याच ओलीवर पेरायचा. जानेवारीत या."

मग तांदळाची भाकरी, साठवणीतल्या कडव्या वालांचं बिरडं आणि सुकट असं ताट समोर आलं. भाकरी गॅसवर भाजलेली, फरशी चकचकीत, टीव्हीवर मालिका चाललेली. आमची सौ. हळूच म्हणाली, "अहो, यात ग्रामीण काय आहे?"

सगळंच! आम्ही आलो नसतो तरी काकूंनी त्या रात्री हेच रांधलं असतं आणि हीच मालिका पाहिली असती. ग्रामीण मुक्कामाची माझी कसोटी ही एवढीच.

पहिल्या यजमानाला नावं ठेवणं सोपं आहे. पण कंदील मागतो कोण? आपणच. मे महिन्यात पोपटी मागणारेही आपणच, आणि गिऱ्हाईक म्हणेल ते तो बिचारा मांडतो.

या नाटकाचा पुढला अंक बँकेतल्या आमच्या खिडकीवरून दिसतो. शेत विकलं की आधी मुदत ठेव येते. वर्षाने मोटारसायकलसाठी एक पावती मोडते, मग लग्नासाठी दुसरी. शेवटी खात्यात किमान शिल्लक उरते आणि शेतावर दुसऱ्याचं कुंपण. बारमाही पोपटीला शेत लागतच नाही, फ्रीझर पुरतो. जानेवारीच्या पोपटीला मात्र कुणीतरी भात कापून वाल पेरावाच लागतो. त्यासाठी आपण चार पैसे जास्त मोजले, तर ती देणगी नव्हे, वाजवी किंमत झाली.

तेव्हा वाचकहो, खोली ठरवताना 'काय काय मिळतं?' असं विचारू नका. 'सध्या काय मिळणार नाही?' असं विचारा. यादी लांबलचक निघाली तर बिनदिक्कत आगाऊ रक्कम भरा.