सैनिक, शत्रू आणि ‘अडगळ’

शरीर म्हणजे किल्ला, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक आणि कर्करोग म्हणजे शत्रू. विज्ञानविषयक लेखनात हे रूपक इतके रुळले आहे की, आम्हीही ते अनेकदा वापरले आहे. लहान वर्गांत त्याचा उपयोग होतोही. पण कर्करोग समजून घ्यायचा तर ते दिशाभूल करते, असा आमचा आक्षेप आहे.

कारण या ‘सैन्या’त हल्ला थांबवणाऱ्या पेशीही असतात. जपानच्या शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली अशा नियामक टी-पेशी दाखवून दिल्या. २०२५ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. या पेशी फितूर नव्हेत. त्या नसतील तर रोगप्रतिकार यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. कर्करोगाची गाठ मात्र त्यांचाच आडोसा घेते.

तो कसा? चिनी संशोधकांनी २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांतून एक मार्ग दाखवला. गाठीतील पेशी ‘मिर-२१४’ हा सूक्ष्म आर.एन.ए. इवल्या पटलवेष्टित पिशव्यांत भरून बाहेर सोडतात. तो टी-पेशींत शिरून ‘पीटेन’ या प्रथिनाचे प्रमाण घटवतो. त्यामुळे नियामक पेशी वाढतात आणि गाठीला मोकळे रान मिळते.

या आर.एन.ए.पासून कोणतेही प्रथिन बनत नाही. आपण मात्र फळ्यावर ‘डी.एन.ए. – आर.एन.ए. – प्रथिन’ एवढे लिहून थांबतो. मानवी डी.एन.ए.चा जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनांचा संकेत वाहतो. उरलेल्याला सरसकट ‘अडगळ’ म्हटले की विद्यार्थ्याचे कुतूहल तिथेच संपते. अँब्रोस आणि रुव्हकन यांना १९९३ साली पहिला सूक्ष्म आर.एन.ए. एका कृमीत सापडला. त्यासाठी त्यांना २०२४ चे नोबेल मिळाले. अर्थात, उरलेले सारेच उपयुक्त आहे असे म्हणणे ही दुसरी अतिशयोक्ती होईल.

‘कर्करोगाची गुरुकिल्ली सापडली’ अशा मथळ्यांवरही आमचा तितकाच रोष आहे. एक सूक्ष्म आर.एन.ए. अनेक जनुकांवर परिणाम करतो. ‘मिर-३४’ची नक्कल औषध म्हणून देणारी चाचणी २०१६ साली थांबवावी लागली. रोगप्रतिकार यंत्रणेशी निगडित गंभीर दुष्परिणाम झाले होते. काही रुग्ण दगावलेही.

तेव्हा वर्गात सैनिकांची गोष्ट जरूर सांगावी. पण ‘या सैनिकांना थांबवतो कोण, आणि का?’ हा प्रश्न त्यानंतर विचारायलाच हवा. खरे विज्ञान तिथून सुरू होते.